दूरस्थ संगणक-साहाय्य : कडी आतूनच असावी

महिन्याची वीस तारीख जवळ आलेली असते. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरावयाचे असते आणि नेमकी त्याच सायंकाळी दुकानातील संगणकावरची हिशेबाची प्रणाली उघडेनाशी होते. इंदूरचा सराफा असो, बडोद्याची मांडवी असो की हैदराबादचा सुलतान बाजार असो, हा अनुभव बहुतेक व्यापाऱ्यांच्या परिचयाचा आहे. पूर्वी अशा वेळी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञास दूरध्वनी करावा, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे अडकलेला असावा आणि दुकान बंद करण्याच्या सुमारास त्याची स्कूटर दारात यावी, असा क्रम ठरलेला असे. आता तोच तंत्रज्ञ आपल्या जागेवरून म्हणतो, "शेठ, ती प्रणाली सुरू करा आणि पडद्यावर आलेला क्रमांक मला सांगा." पडद्यावरील बाण आपोआप फिरू लागतो, दोन-चार खिडक्या उघडतात, मिटतात आणि वीस मिनिटांत वही पूर्ववत उघडते.

काही दिवसांनी त्याच व्यापाऱ्यास दुसरा दूरध्वनी येतो. बोलणारा अदबशीर असतो. "आपल्या खात्याची केवायसी अपुरी आहे, आज रात्री खाते गोठवले जाईल. काळजी करू नका, मी येथूनच करून देतो. एक प्रणाली उतरवून घ्या आणि पडद्यावर आलेला क्रमांक मला सांगा." शब्द तेच, प्रणालीही कदाचित तीच. पहिल्या वेळी काम झाले होते, म्हणून याही वेळी क्रमांक सांगितला जातो. पुढील वीस मिनिटांत खाते रिकामे होते.

ग्राहक मित्रहो, या दोन प्रसंगांतील फरक प्रणालीत शोधू गेल्यास सापडत नाही. दार कोणी उघडले, कोणासाठी उघडले, किती वेळ उघडे ठेवले आणि त्या वेळी घरधनी कोठे होता, या प्रश्नांच्या उत्तरांत तो आहे. प्रस्तुत लेखात या सोयीची ओळख करून घेऊ, तंत्रज्ञाने ती कशी उभी करावी हे पाहू आणि ग्राहकाने आपल्या हाती काय राखावे याचाही विचार करू.

सोयीचा उगम

एका संगणकाचा पडदा दुसऱ्या ठिकाणी पाहण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेटी आणि ओरॅकल या कंपन्यांची एक संशोधन प्रयोगशाळा होती. तेथील संशोधकांनी व्हीएनसी नावाची प्रणाली तयार केली आणि १९९८ मध्ये ती सर्वांना विनामूल्य खुली केली. पुढे ही प्रयोगशाळा एटी अँड टी कंपनीकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. परंतु तिच्या या अपत्याचे वंशज आजही जगभर वापरात आहेत. १९९८ मध्येच मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीच्या एका विशेष आवृत्तीत दूरस्थ पडद्याची सोय आणली. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली, तेव्हा 'रिमोट डेस्कटॉप' आणि 'रिमोट असिस्टन्स' या दोन सोयी सामान्य संगणकापर्यंत पोहोचल्या. जर्मनीत २००५ मध्ये टीमव्ह्यूअर आणि २०१४ मध्ये एनीडेस्क या कंपन्या स्थापन झाल्या. विंडोज १० मध्ये २०१६ साली 'क्विक असिस्ट' आले.

यांतील 'रिमोट असिस्टन्स'ची रचना आवर्जून पाहण्यासारखी आहे. साहाय्य हवे असलेल्या माणसाने स्वतः निमंत्रण पाठवावयाचे, ते किती काळ चालेल हे त्यानेच ठरवावयाचे, परवलीचा शब्दही त्यानेच द्यावयाचा. पलीकडच्या माणसास प्रथम केवळ पाहता येई. कळफलक हाताळावयाचा असल्यास त्याला वेगळी अनुमती मागावी लागे. आणि घरधन्याने एस्केप ही कळ दाबताच पाहुण्याचा ताबा तत्क्षणी सुटे. निमंत्रण, मुदत, देखरेख आणि ताबा काढून घेण्याचा अधिकार, ही चारही सूत्रे त्या रचनेत होती. पुढे वेग वाढला, सुलभता वाढली. वापरणाऱ्यांच्या मनातून मात्र ही सूत्रे पुसट होत गेली.

पाहुण्याच्या हाती नेमके काय जाते?

दूरस्थ साहाय्य सुरू झाल्यावर आपला संगणक आपल्या पडद्याचे चित्र पलीकडे पाठवू लागतो. संपूर्ण चित्र पुनःपुन्हा पाठविणे खर्चाचे असल्याने मुख्यतः पडद्याचा बदललेला भागच जातो. उलट दिशेने येतात त्या तंत्रज्ञाने दाबलेल्या कळा आणि माउसच्या हालचाली. म्हणूनच आंतरजालाची जोडणी मंद असल्यास पडद्यामागचे शोभेचे चित्र काढून टाकल्याने आणि रंगांची प्रत कमी केल्याने काम सुकर होते.

या साध्या वर्णनात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. कळ कोणाच्या बोटाने दाबली, हे संगणकास कळत नाही. आपण त्यावर जे करू शकतो, ते सर्व पाहुणाही करू शकतो. बँकेचे पान उघडे असेल तर ते त्याला दिसते. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवून ठेवला असेल तर तो वापरता येतो. मोबाइल फोनचा पडदाच दिला असेल, तर लघुसंदेशाने आलेला ओटीपी आपण वाचून दाखविण्याची आवश्यकताही उरत नाही.

बँकेच्या बाजूनेही हे चित्र पाहावे. एखादा चोर आपला पासवर्ड चोरून स्वतःच्या संगणकावरून खात्यात शिरू पाहतो, तेव्हा संगणक अनोळखी, जोडणी अनोळखी, अशा खुणा बँकेच्या यंत्रणेस मिळतात आणि ती सावध होऊ शकते. दूरस्थ ताब्यात मात्र आज्ञा येते ती आपल्याच संगणकावरून, आपल्याच जोडणीवरून आणि आपण स्वतः खात्यात प्रवेश केल्यानंतर. सगळ्या खुणा घरच्याच असतात. या दारावर पहारा ठेवणे म्हणूनच मुख्यतः घरधन्याच्या हाती राहते.

दाराचे तीन प्रकार

ग्राहकांच्या संगणकांची देखभाल करू इच्छिणाऱ्या तंत्रज्ञापुढे पहिली अडचण येते ती पत्त्याची. दुकानातील संगणकाला जो अंतर्गत पत्ता असतो, तो इमारतीतील खोली क्रमांकासारखा असतो. बाहेरच्या जगाला केवळ इमारतीचा पत्ता ठाऊक असतो. दारावर बसलेला राउटर हा देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा वागतो. आतून बाहेर जाणाऱ्यास तो सोडतो, त्याने मागविलेले उत्तर आत घेतो, परंतु बाहेरून अचानक आलेल्या अनोळखी माणसास कोणत्या खोलीत धाडावे हे त्याला ठाऊक नसते. या अडचणीतून वाट काढण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, देवडीला भगदाड पाडण्याचा. राउटरमध्ये एक द्वार कायमचे उघडे ठेवावयाचे आणि बाहेरून येणारी जोडणी थेट संगणकाकडे वळवावयाची. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपसाठी रूढ असलेले द्वार क्रमांक ३३८९ हे होय. हा मार्ग सोपा दिसतो, परंतु तो टाळावा. आंतरजालावर अशी उघडी द्वारे शोधत फिरणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा अहोरात्र चालू असतात आणि सापडलेल्या द्वारावर त्या एकामागून एक पासवर्ड घालून पाहतात. एकदा प्रवेश मिळाला की हिशेबाच्या सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' या नावाने ओळखला गेलेला दोष उघडकीस आला. जुन्या विंडोजमधील या सोयीत पासवर्डाशिवायही शिरकाव करून देणारा तो दोष इतका गंभीर होता, की ज्या एक्सपीचे पाठबळ २०१४ मध्येच संपले होते तिच्यासाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती उपलब्ध करून दिली. मालकास घरून आपल्या कार्यालयातील संगणक वापरावयाचा असेल, तर आधी व्हीपीएनचा सुरक्षित मार्ग उभारावा आणि त्याच्या आत ही सोय वापरावी.

ग्राहक-साहाय्यासाठी रिमोट डेस्कटॉप अयोग्य ठरण्याचे दुसरेही कारण आहे. नेहमीच्या विंडोजमध्ये या मार्गाने कोणी आत आले की समोरचा पडदा बंद होतो. तंत्रज्ञ काय करीत आहे, हे ग्राहकास दिसतच नाही. शिवाय विंडोजच्या 'होम' आवृत्तीत अशी बाहेरून येणारी जोडणी स्वीकारण्याची सोय दिलेली नाही.

दुसरा मार्ग, उलट जोडणीचा. येथे तंत्रज्ञाचा संगणक वाट पाहत थांबतो आणि ग्राहकाचा संगणक त्याला हाक घालतो. द्वार उघडावे लागते ते तंत्रज्ञाच्या जागेत. ग्राहकाच्या देवडीला हात लागत नाही. व्हीएनसीच्या कुळातील प्रणालींमध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे.

तिसरा मार्ग, मध्यस्थाचा, आणि आज तोच सर्वाधिक प्रचलित आहे. दोन्ही संगणक मधल्या एका केंद्राकडे आपापल्या बाजूने जोडणी करतात आणि ते केंद्र त्यांची गाठ घालून देते. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क आणि क्विक असिस्ट यांची रीत हीच आहे. पडद्यावर येणारा क्रमांक म्हणजे या केंद्राने दिलेली ओळख असते. टीमव्ह्यूअरसारख्या प्रणाली वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य असल्या, तरी व्यवसायासाठी परवाना घ्यावा लागतो. तो खर्च तंत्रज्ञाने आपल्या देखभाल-शुल्कात धरावा. ज्यांना मधले केंद्रही स्वतःच्याच ताब्यात हवे आहे, त्यांच्यासाठी रस्टडेस्कसारखी मुक्तस्रोत प्रणाली उपलब्ध आहे.

तंत्रज्ञाने घडी कशी बसवावी?

साधन निवडले की खरे काम सुरू होते. दहा-वीस व्यापाऱ्यांचे वार्षिक देखभाल करार सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने पुढील पद्धत अंगी बाणवावी.

पहिली गोष्ट, हाक ग्राहकाकडून यावी. तंत्रज्ञाने आपला एक ठरलेला दूरध्वनी क्रमांक प्रत्येक ग्राहकाला लेखी द्यावा. शक्यतो तो संगणकाशेजारी चिकटवून ठेवावा. तंत्रज्ञास स्वतःहून काही कळवावयाचे असल्यास त्याने केवळ निरोप द्यावा आणि ग्राहकाने त्या ठरलेल्या क्रमांकावर उलट दूरध्वनी करावा, असा दंडक असावा. "आलेल्या दूरध्वनीवर पडदा द्यावयाचा नाही", हे ग्राहकाच्या मनात एकदा रुजले की निम्मे काम झाले.

दुसरी गोष्ट, प्रणाली मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवावी. शोधयंत्रात नाव टाकून समोर येईल ते पान उघडण्याची सवय घातक आहे, कारण हुबेहूब दिसणारी बनावट पाने जाहिरातींच्या रूपाने वर येतात. पहिल्या भेटीत तंत्रज्ञाने स्वतः येऊन प्रणाली बसवून द्यावी, हे उत्तम.

तिसरी गोष्ट, तात्पुरता आणि कायमचा प्रवेश यांतील भेद पाळावा. बहुतेक प्रणालींमध्ये दोन्ही प्रकार असतात. तात्पुरत्या प्रवेशात प्रत्येक वेळी नवा संकेतांक लागतो किंवा ग्राहकाची संमती लागते. कायमच्या प्रवेशात एकच ठरीव पासवर्ड वापरून तंत्रज्ञ केव्हाही, संगणकासमोर कोणी नसतानाही आत येऊ शकतो. हिशेबाच्या, साठ्याच्या किंवा बँकिंगच्या रोजच्या संगणकावर कायमचा प्रवेश ठेवू नये. रात्री देखभाल करावी लागणाऱ्या सर्व्हरसारख्या ठिकाणी तो अपरिहार्य असेल, तर ग्राहकाची लेखी संमती घ्यावी, प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा व लांब पासवर्ड ठेवावा आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. सर्व ग्राहकांना एकच पासवर्ड ठेवणारा तंत्रज्ञ एका चोरीत सर्वांची घरे गमावतो. आपल्याकडील साहाय्यक नोकरी सोडून गेला, तर त्याच दिवशी सारे पासवर्ड बदलावेत.

चौथी गोष्ट, काम सुरू करण्यापूर्वी पडदा मोकळा करून घ्यावा. ग्राहकाने नेटबँकिंगमधून रीतसर बाहेर पडावे, ई-मेल व इतर खासगी खिडक्या मिटाव्यात. विवरणपत्रांवर डिजिटल स्वाक्षरी करण्यासाठी वापरला जाणारा यूएसबी टोकन संगणकाला लावलेला असल्यास तो काढून खिशात ठेवावा. अनेक दुकानांत हा टोकन वर्षानुवर्षे संगणकाला लटकलेला असतो. तो म्हणजे मालकाची सही आहे, आणि पाहुणा घरात असताना सही टेबलावर पडू देऊ नये. हिशेबाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या ठिकाणी घेऊन मगच दुरुस्तीस हात घालावा.

पाचवी गोष्ट, ग्राहकास समोर बसवावे. 'आता मी अमुक खिडकी उघडतो आहे' असे बोलत बोलत काम करावे. काही प्रणालींमध्ये समोरचा पडदा काळा करण्याची सोय असते. घरून कार्यालयातील संगणक वापरणाऱ्यास, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पडदा पाहू नये म्हणून ती उपयोगी आहे. ग्राहक-साहाय्यात तिचे काहीही काम नाही. पडदा काळा झाला की ग्राहकाने जोडणी तोडावी, असे तंत्रज्ञानेच त्याला शिकवून ठेवावे. याउलट क्विक असिस्टमध्ये काम चालू असताना विंडोजने प्रशासकीय अनुमतीचा प्रश्न विचारला, की तंत्रज्ञाचाच पडदा काळा होतो आणि 'होय' हे उत्तर ग्राहकाला द्यावे लागते. पुष्कळ तंत्रज्ञ याला वैतागतात. परंतु मोठा बदल घरधन्याच्या बोटानेच व्हावा, हे त्या प्रश्नामागील शहाणपण त्यांनी ओळखावे.

सहावी गोष्ट, निरोप. काम संपल्यावर जोडणी ग्राहकाने स्वतः बंद करावी. घड्याळाशेजारी त्या प्रणालीचे चिन्ह उरलेले नाही ना, हे पाहावे. तंत्रज्ञाने नोंदवहीत दिनांक, वेळ, केलेले बदल यांची चार ओळींची नोंद करावी आणि तिची प्रत ग्राहकाला पाठवावी. उद्या काही विपरीत घडले आणि संशयाची सुई फिरू लागली, तर ही नोंद ग्राहकाइतकीच तंत्रज्ञाच्याही अब्रूचे रक्षण करते.

जाता जाता एक सूचना. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुन्या, दुरुस्त्या न मिळणाऱ्या संगणकावर दूरस्थ प्रवेशाची सोय ठेवणे म्हणजे कुजलेल्या चौकटीला नवी कडी बसविण्यासारखे आहे.

प्रामाणिक माणसाने लावलेली वाईट सवय

फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने बँकांना सावधगिरीची सूचना दिली. मोबाइल फोनवर एनीडेस्क ही प्रणाली उतरवावयास लावून, तिचा क्रमांक विचारून आणि मग अनुमती मिळवून ग्राहकांच्या खात्यांतून यूपीआयमार्गे पैसे काढले जात होते. प्रणाली स्वतः प्रामाणिक कामासाठीच तयार झालेली होती. चोरांनी तिचा आडमार्गाने उपयोग केला. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'बी(अ)वेअर' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत वर्णन केलेल्या फसवणुकीच्या प्रकारांत पडदा मागण्याचा हा प्रकार आहेच. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केले, की तांत्रिक साहाय्यक असल्याची बतावणी करून क्विक असिस्टमार्फत संगणकांचा ताबा घेतला जात आहे. म्हणजे कडी कितीही उत्तम असली, तरी घरधनीच ती काढून देत असेल तर तिचा काही इलाज चालत नाही.

चोर दार ठोठावतो त्याची निमित्ते अनेक असतात. केवायसी, वीजजोडणी, अडकलेले पार्सल, परताव्याची रक्कम, किंवा 'आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे' अशी किंचाळणारी खिडकी. कधी ग्राहक स्वतःच शोधयंत्रात साहाय्य क्रमांक शोधतो आणि चोराने पेरून ठेवलेल्या क्रमांकावर जाऊन पोहोचतो. यांतील परताव्याची युक्ती विशेष कावेबाज आहे. 'आपले पाचशे रुपये परत करावयाचे आहेत' असे सांगून संगणकाचा ताबा घेतला जातो आणि ग्राहकास नेटबँकिंग उघडावयास लावले जाते. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या कोणत्याही पानावरील आकडे त्या संगणकापुरते बदलता येतात. चोर शिलकेचा आकडा वाढवून दाखवितो आणि गयावया करतो, "चुकून पन्नास हजार गेले, माझी नोकरी जाईल, जास्तीचे तेवढे परत पाठवा." बँकेच्या दप्तरी एक पैसाही जमा झालेला नसतो, ग्राहक मात्र स्वतःचे पैसे दयाबुद्धीने पाठवून देतो. परक्याच्या ताब्यात असलेल्या पडद्यावरील शिलकेवर विश्वास ठेवू नये, तो यासाठीच.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. फसलेला माणूस भोळा होता, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु अनोळखी माणसास पडद्यावरील क्रमांक सांगण्याची सवय त्याला लागली कोठून? ती बहुधा एखाद्या प्रामाणिक, घाईत असलेल्या तंत्रज्ञानेच लावलेली असते. "काही विचारू नका, फक्त 'होय' 'होय' दाबत जा." "पासवर्ड सांगून टाका, मी करतो." "तुम्ही चहा घेऊन या, तोवर होईल." हे शब्द रोज सद्हेतूने उच्चारले जातात आणि त्यांतूनच ग्राहकाचा हात चोरासाठी तयार होतो. पुढे तेच शब्द चोर उच्चारतो, तेव्हा ते ग्राहकास ओळखीचे वाटतात.

म्हणून ग्राहकांच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी घ्यावे, की त्याचे प्रत्येक साहाय्य हा एक धडा असतो. ठरलेल्या क्रमांकावर ग्राहकाने दूरध्वनी केला, पडदा मोकळा केला, समोर बसून काम पाहिले आणि स्वतः जोडणी तोडली, असे दहा वेळा घडले की अकराव्या वेळी येणारा परका आवाज त्याला खटकेल. "माझा तंत्रज्ञ असे कधीच करीत नाही", हा विचार मनात येणे हेच त्याचे संरक्षण होय.

बँकेपुरता नियम याहून सोपा आहे. बँकेचा कोणताही अधिकारी कोणत्याही कारणास्तव आपल्या संगणकाचा वा मोबाइलचा पडदा मागणार नाही. कोणी मागितला, तर तो बँकेचा नाही, एवढे समजून दूरध्वनी ठेवून द्यावा. असभ्यपणा होईल हा संकोच बाळगू नये.

घात झालाच तर

सारी काळजी घेऊनही चूक होऊ शकते. अशा वेळी क्रम लक्षात असावा. प्रथम आंतरजालाची जोडणी तोडावी. केबल काढावी, वाय-फाय किंवा मोबाइल डेटा बंद करावा. घाबरून त्याच संगणकावर शिल्लक पाहू नये. दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय थांबवावे. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर पाहावा, शोधयंत्रात शोधू नये. त्याचबरोबर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आर्थिक सायबर गुन्ह्यांसाठीची ही साहाय्यसेवा २०२१ मध्ये वेगळ्या क्रमांकावर सुरू झाली होती; पुढे तिला १९३० हा लक्षात राहण्याजोगा क्रमांक मिळाला. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार देता येते. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात वेगाने फिरविली जाते. तक्रार लवकर पोहोचली, तर ती वाटेत कोठेतरी अडविता येण्याची शक्यता असते.

त्यानंतर दुसऱ्या, निर्दोष साधनावरून सर्व पासवर्ड बदलावेत. ज्या संगणकाचा ताबा गेला होता, तो जाणकाराकडून पुसून, प्रणाली नव्याने बसवून घेईपर्यंत बँकिंगसाठी वापरू नये. चोर आपल्या मागे एखादा गुप्त दरवाजा ठेवून गेलेला असू शकतो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या दायित्वाची तत्त्वे घालून दिली. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, अशा त्रयस्थाकडून झालेल्या प्रकारात बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर दायित्व नाही आणि चार ते सात दिवसांत कळविल्यास ते मर्यादित, असे त्यात म्हटले होते. ग्राहकाने स्वतःच गोपनीय माहिती दिल्याने नुकसान झाले असल्यास, बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे, असा भेदही त्यात केला होता. नियमांचे तपशील काळानुसार बदलत राहतात, पण कळविण्याच्या क्षणाचे महत्त्व त्यातून स्पष्ट होते. पडदा आपणच दिला होता, या लाजेने अनेक जण रात्रभर गप्प राहतात, मुलाला सांगत नाहीत, बँकेलाही सांगत नाहीत. ती रात्रच चोराला हवी असते. लाज बाजूस ठेवून पहिल्या मिनिटाला बोलावे.

घरोघरीचे साहाय्य

हा विषय केवळ दुकानांचा राहिलेला नाही. आई-वडील बेळगावात, मुलगा बंगळुरात, मुलगी परदेशात, अशी कुटुंबे आता सर्वत्र आहेत. वडिलांच्या संगणकावर निवृत्तिवेतनाचे पत्र उघडत नाही, म्हणून मुलगी दूरवरून पडदा घेते आणि पाच मिनिटांत ते उघडून देते. त्या पाच मिनिटांत अंतर नाहीसे होते. हे सुख भीतीपोटी सोडून देण्याचे कारण नाही.

मात्र पुढच्या वेळी वडिलांना साहाय्य करताना मुलीने दोन मिनिटे अधिक द्यावीत. "बाबा, आधी तुम्ही मला फोन करायचा. बँकेचे पान बंद करायचे. मी काय करते ते बघत बसायचे, आणि शेवटी बंदही तुम्हीच करायचे", असे सांगावे आणि तसे करून घ्यावे. वडील कुरकुरतील, "तूच कर ना बंद" म्हणतील. तरी त्यांच्याच हातून बंद करून घ्यावे. एखाद्या दुपारी त्यांना एकट्याला गाठून कोणी पडदा मागेल, तेव्हा ही सवयच त्यांच्या मदतीला येईल.